आधी वही, मग वायर

गेल्या वर्षी लग्नसराईतली गोष्ट. जालन्याचे लग्न उरकून आम्ही रात्री सेनगावला परत येत होतो. गाडी माझ्या धाकट्या दिराची, टेम्पो ट्रॅव्हलर. घरचीच मंडळी, मागच्या सीटवर आमच्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई. वय सत्तरीच्या पुढे, साखरेचा आजार, रोजचे इन्सुलिन, आणि थंडीत दमा हमखास उसळतो. मंठा मागे पडले आणि अम्मींना धाप लागली. गाडीत एक इन्व्हर्टर बसवलेला होता. त्यावर नेब्युलायझर लावला. त्याच वेळी कुणीतरी बाळाच्या दुधासाठी छोटी किटली त्याच इन्व्हर्टरवर सुरू केली.

पाच-सात मिनिटांत जळक्या प्लास्टिकचा वास आला. मधल्या सीटखालून धूर निघू लागला. दिराने गाडी कडेला घेतली, हातावर टॉवेल गुंडाळून बॅटरीची वायर ओढून काढली. तळहाताला फोड आले, पण आग लागली नाही. आम्ही सगळे थंडीत रस्त्यावर उभे होतो आणि अम्मींचे औषध अर्ध्यावर राहिले होते. मी त्यांची पाठ चोळत होते. अम्मी तेवढ्यातही म्हणाल्या, "अल्लाहने वाचवलं."

खरेच वाचवले. पण घरी आल्यावर मला झोप लागेना. मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. विद्युत प्रवाहाचा औष्णिक परिणाम फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. आणि माझ्याच घरच्या गाडीत, माझ्याच सासूबाईंच्या पायाशी तो धडा धूर सोडत होता, तरी मला आधी दिसला नाही.

अम्मींचा नकार

काही महिन्यांनी चिपळूणहून नणंदेचा फोन आला. तिच्या मिस्टरांची नोकरी तिकडे आहे. मुलगी झाली होती आणि अम्मींनी येऊन नातीला पाहावे अशी तिची इच्छा. सेनगावहून रेल्वे नाही, ती गाठायची तर आधी हिंगोलीला जावे लागते, आणि तिथूनही बदलाबदली. बसने एवढा प्रवास अम्मींना झेपणारा नाही. राहिली दिराची गाडी. मध्ये एक मुक्काम करून, दीड दिवसाचा प्रवास. डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन थंड राहील आणि दम्याचे औषध हाताशी असेल, तर हरकत नाही.

पण अम्मींनी मान हलवली. "त्या गाडीत मला रात्री झोप लागणार नाही. जागीच राहीन, वास घेत."

त्यांच्या त्या एका वाक्यावरून आम्ही कामाला लागलो. गाडीत राहता येईल, झोपता येईल, औषध थंड राहील, आणि कुणाला वास घेत जागे राहावे लागणार नाही, अशी विजेची सोय करायची. परदेशात अशा फिरत्या घरांची रीत जुनी आहे. जर्मनीत वोल्क्सवॅगनची गाडी १९५० साली निघाली आणि पुढच्याच वर्षी एका कारखान्याने तिच्यात झोपण्या-स्वयंपाकाची सोय बसवायला सुरुवात केली. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले आहे. आमचे काम त्या मानाने लहान. पण नियम तेच, कारण वीज मोठी गाडी आणि छोटी गाडी असा भेद करत नाही.

वहीचे पहिले पान

दीर लगेच बाजारात जायला निघाले होते. मी म्हटले, "थांबा. मागच्या वेळी आपण आधी इन्व्हर्टर आणला आणि मग त्यावर काय लावायचे ते ठरवले. या वेळी आधी वही."

दहावीत जाणाऱ्या माझ्या मुलीने वहीवर चार रकाने आखले: वस्तू, वॅट, तास, आणि वॅट गुणिले तास. शेवटच्या रकान्यात येते ते 'वॅट-तास'. असे एक हजार वॅट-तास झाले की आपल्या वीजबिलातले एक युनिट. वॅटचा आकडा प्रत्येक वस्तूच्या मागच्या पट्टीवर छापलेला असतो.

मग घरातल्या प्रत्येकाला विचारले, तुला गाडीत काय हवे? यादी अशी झाली:

दिवे, ५ वॅटचे तीन, ४ तास: ६० वॅट-तास
छोटे १२ व्होल्टचे पंखे, १५ वॅटचे दोन, ८ तास: २४०
पाच मोबाईल: १००
इन्सुलिनसाठी छोटा फ्रीज: ४५०
नेब्युलायझर, दिवसातून दोनदा: ९०
पाण्याचा पंप: २०
किटली, १५०० वॅट, अर्धा तास: ७५०
मिक्सर, ५०० वॅट, पाव तास: १२५
इस्त्री, १००० वॅट, अर्धा तास: ५००
कूलर, १५० वॅट, ८ तास: १२००

बेरीज ३५३५. म्हणजे दिवसाला साडेतीन युनिट. एवढ्यासाठी गाडीत मोठ्या तीन बॅटऱ्या ठेवाव्या लागल्या असत्या.

आता खोडण्याची पाळी. मी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारला: हे विजेशिवाय होते का? किटली खोडली, थर्मासमध्ये गरम पाणी घरून आणि ढाब्यावरून भरता येते. मिक्सर खोडला, मसाला घरून वाटून नेऊ. इस्त्री खोडताना माझ्या मुलाचा चेहरा पडला, पण खोडली. कूलरच्या जागी दोन पंखे होतेच. पंपाजवळ मुलगी अडली. "दादी रात्री वुजू कसा करतील? त्यांना उतरायला नको." अम्मी तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लोटा कशाला असतो बेटी?" मग तोटी असलेला वीस लिटरचा कॅन उंचावर बांधायचे ठरले. पाणी आपोआप खाली येते, त्याला पंप लागत नाही.

उरले ९४० वॅट-तास. वायर, इन्व्हर्टर यांत थोडी वीज वाया जातेच, शिवाय अंदाज चुकतो. म्हणून पाचवा हिस्सा वाढवून ११३० धरले. साडेतीन युनिटांवरून आम्ही सव्वा युनिटाच्याही आत आलो, आणि अजून एक रुपयाही खर्च झाला नव्हता.

फ्रीजची पारख

आमच्या यादीतली सगळ्यांत मोठी ओळ फ्रीजची, आणि ती खोडता येणार नव्हती. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेले पेन साधारण चार आठवडे खोलीत चालते, पण खोली ३० अंशांच्या आत हवी. अचूक मुदत आपापल्या औषधाच्या कागदावर पाहावी. आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त.

बाजारात गाडीसाठी दोन प्रकारचे छोटे फ्रीज मिळतात आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. स्वस्त असतो त्यात कॉम्प्रेसर नसतो. तो बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशच खाली नेऊ शकतो. बाहेर ४२ असेल तर आत २२ ते २७. थंड पाण्यासाठी ठीक, इन्सुलिनसाठी नाही. वर तो सतत चालू राहतो, म्हणून वीजही जास्त खातो. दुसरा कॉम्प्रेसरचा. तो महाग आहे, पण गार झाला की थांबतो. ४५ वॅटचा असा फ्रीज उन्हाळ्यात चोवीस तासांत दहा तास चालेल असे आम्ही धरले, म्हणून ४५०. आत एक छोटा थर्मामीटर ठेवला, कारण इन्सुलिन गोठले तरीही वाया जाते.

दम्यासाठी डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. नेब्युलायझर असला तरी स्पेसरसह इन्हेलर जवळ ठेवा. त्याला वीज लागत नाही. जिथे जीवाचा प्रश्न आहे तिथे एक सोय बिनविजेची असलीच पाहिजे.

बॅटरी कोणती

घरोघरी इन्व्हर्टरला असते ती शिसे-आम्लाची, पाणी घालायची बॅटरी. घरी ती उत्तम. गाडीत, जिथे माणसे दार लावून झोपतात तिथे, ती आम्ही टाळली. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, खड्ड्यात आम्ल सांडू शकते, वजन पन्नास किलोच्या पुढे, आणि निम्म्याहून जास्त रिकामी केली तर लवकर खराब होते.

आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी घेतली. तिचा खरा दाब १२.८ व्होल्ट. १२.८ गुणिले १५० म्हणजे १९२० वॅट-तास. त्यातले ऐंशी टक्के वापरायचे धरले तर १५३६. आमची रोजची गरज ११३०. म्हणजे काहीही चार्ज न करता एक दिवस आणि वर साडेआठ तास. लिथियमच्या प्रकारांत हा प्रकार उष्णता जास्त सोसतो, तरी भर उन्हात बंद गाडीत ठेवून तिला चार्ज करू नये. आणि आत बीएमएस, म्हणजे जास्त चार्ज, जास्त प्रवाह किंवा जास्त उष्णता झाली की पुरवठा तोडणारे सर्किट, आहे का ते दुकानदाराला विचारून घ्यावे.

भरायची कुठून

वीज भरायचे तीन रस्ते असतात: ऊन, घरचा प्लग आणि गाडीचे इंजिन.

सौर पॅनेल आता आपल्याला नवीन नाही, सेनगावच्या शिवारात सौर पंप जागोजागी दिसतात. आम्ही शंभर वॅटची, घडी होणारी दोन पॅनेल घेतली. गाडी थांबली की उन्हात उघडायची. इथे स्वतःला फसवू नये. दोनशे वॅटचे पॅनेल दिवसभर दोनशे वॅट देत नाही. ऊन तिरके असते, पॅनेल तापते, धूळ बसते. प्रवासात जेवणाला आणि नमाजला थांबलो की दोन-अडीच तास ऊन मिळेल, म्हणजे जेमतेम तीनशे वॅट-तास. आम्ही तेवढेच धरले. ११३० मधून ३०० गेले, रोजची तूट ८३०. १५३६ ला ८३० ने भागले तर पावणेदोन दिवसांहून थोडे जास्त. आमचा प्रवास दीड दिवसाचा. चिपळूणला पोचलो की नणंदेच्या घरी रात्रभर चार्जर लावायचा. वीस अँपिअरच्या चार्जरने आठेक तासांत बॅटरी भरते. हिशेब बसला.

इंजिनाकडून वीज घेण्याचा रस्ता आम्ही सोडून दिला. लिथियम बॅटरी गाडीच्या अल्टरनेटरला सरळ जोडली तर ती फार प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो आणि तो जाणकारानेच बसवावा. शिवाय गाडीच्या मूळ वायरिंगला हात लावायचा नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले होते.

धूर का निघाला होता

आता त्या रात्रीचा हिशेब. मुलीने तो वहीत स्वतः केला.

वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. घरी ५०० वॅटची किटली २३० व्होल्टवर चालते, प्रवाह दोन अँपिअरच्या आसपास. तीच किटली गाडीत इन्व्हर्टरवर लावली, तर बॅटरीच्या बाजूला दाब बाराच व्होल्ट. मग प्रवाह जवळजवळ वीसपट. किटली आणि नेब्युलायझर मिळून ६५० वॅट, इन्व्हर्टरमधली गळती धरून सुमारे साठ अँपिअर. आणि बसवणाऱ्याने वायर वापरली होती घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगसाठी वापरतात ती, अडीच चौरस मिलिमीटरची. दिसायला जाड, कामाला बारीक.

तांब्याच्या अशा सहा मीटर वायरीचा (जाणे-येणे मिळून) रोध असतो ०.०४२ ओहम. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: ६० गुणिले ६० गुणिले ०.०४२. उत्तर आले १५१ वॅट. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. जुना शंभराचा पिवळा बल्ब आपण हाताने धरू शकत नाही. त्या दीडपट उष्णता, सीटखाली वेटोळे करून कोंबलेल्या वायरीत निघत होती. आणि त्या वायरीला फ्यूज नव्हता.

ज्याच्या नावाने हा रोधाचा नियम आपण शिकवतो तो गेओर्ग ओम हाही शाळामास्तरच होता, कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. १८२७ मध्ये त्याने आपला नियम पुस्तकात छापला. दोनशे वर्षे होत आली. परीक्षेत आपण त्याचे पूर्ण गुण देतो, पण दुकानात वायर घेताना त्याला विसरतो.

फ्यूज कुणासाठी

आमच्या गल्लीजवळचे वायरमन चाचा कामाला आले. तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव. त्यांनी पहिल्याच दिवशी एक वाक्य सांगितले ते मी वर्गात आता नेहमी सांगते: "बाजी, फ्यूज पंख्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो." पंखा बिघडला तर पंखा जातो. वायर तापली तर घर जाते. म्हणून फ्यूज वायरीच्या ताकदीपेक्षा कमी हवा, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधला तुकडा उघडाच, राखणीशिवाय असतो. तो जितका लहान तितके बरे.

आमची मांडणी अशी झाली:

बॅटरीपासून मुख्य वायर १६ चौरस मिलिमीटर, वीतभर अंतरावर ६० अँपिअरचा मुख्य फ्यूज, मग सगळे बंद करणारा एक मोठा स्विच.
फ्रीज: २.५ चौरस मिलिमीटर, १५ अँपिअरचा फ्यूज.
मोबाईल चार्जिंग: २.५, १० अँपिअर.
पंखे: १.५, ५ अँपिअर.
दिवे: १.५, ५ अँपिअर.
नेब्युलायझरचा ३०० वॅटचा इन्व्हर्टर: १० चौरस मिलिमीटर, मीटरभराच्या आत, ४० अँपिअर.

मुख्य फ्यूज साधा स्वस्तातला घेतला नाही. लिथियम बॅटरीत शॉर्ट सर्किट झाले तर क्षणात हजाराहून जास्त अँपिअर वाहू शकतात. तेवढा प्रवाह तोडताना साध्या फ्यूजमध्ये ठिणगी चालूच राहू शकते. म्हणून अशा बॅटरीसाठी चालणारा 'क्लास टी' फ्यूज मागवला. इन्व्हर्टर 'प्युअर साइन वेव्ह' घेतला, औषधाच्या यंत्राला तोच बरा. आणि इन्व्हर्टर फक्त तीनशे वॅटचा. मोठा असता तर कुणीतरी पुन्हा किटली लावलीच असती. लहान इन्व्हर्टर हीही एक राखणच आहे.

फ्रीजची वायर १.५ ऐवजी २.५ का, असे दिरांनी विचारले. फ्रीज चालताना चारच अँपिअर घेतो, पण सुरू होताना दुप्पट. वायर बारीक असेल तर त्या क्षणी दाब घसरतो आणि फ्रीज 'बॅटरी संपली' समजून बंद पडतो. रात्री दोन वाजता असे झाले तर सकाळपर्यंत कुणाला कळणार नाही आणि इन्सुलिन गरम झालेले असेल.

बाकीचे काम चाचांच्या हाताचे. प्रत्येक टोकाला थिंबल, तीही यंत्राने दाबलेली. नुसती वायर पिळून टेप लावलेला एकही सांधा नाही, कारण गाडी हादरते आणि सांधा सैल होतो. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबराची कडी. दर हातभर अंतरावर वायर पट्टीने बांधलेली. प्रत्येक वायरीला मुलीने मराठीत आणि उर्दूत चिठ्ठी लावली, म्हणजे घरात कुणालाही वाचता यावी.

सगळे सामान प्लायवूडच्या एका पेटीत बसवले. पेटीला हवेची भोके, आणि ती मागच्या बाजूला सीटच्या लोखंडी पायांना दोन रुंद पट्ट्यांनी घट्ट बांधली. जोरात ब्रेक लागला तर मोकळी बॅटरी पाहता पाहता माणसावर येते. अम्मींची सीट पेटीपासून सगळ्यांत लांब.

घरून चार्ज करायची वायर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागूनच घेतली. शॉक बसण्याची वेळ आली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. हा आपल्या घरातही असावा, कूलर आणि गिझर असलेल्या घरात तर असावाच.

कायद्याचे दोन शब्द

पुष्कळ जण सीट काढून, पलंग ठोकून मोकळे होतात. तसे करू नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीत लिहिलेल्या गोष्टी मनाने बदलता येत नाहीत, आरटीओची परवानगी लागते. पूर्ण कॅराव्हॅन करायची तर तिच्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. आम्ही सीटला, छताला, मूळ वायरिंगला हात लावला नाही. पेटी सामानासारखी ठेवता येते, काढता येते. तरीही अशी पेटी ठेवण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला विचारून घ्यावे. गाडी भाड्याने चालत असेल तर जास्तच.

अंगणातली रात्र

लांब जाण्याआधी गाडी अंगणात उभी करून एक दिवस-रात्र सगळे चालवून पाहिले. फ्रीजमध्ये इन्सुलिनऐवजी पाण्याच्या बाटल्या. मुलगी दर तासाला थर्मामीटर आणि बॅटरीचा मीटर वाचून वहीत लिहीत होती, रात्री अकराला झोपली तेव्हा वही मी घेतली. फ्रीज दुपारी ७ आणि पहाटे ४ अंशांवर होता.

चाचांनी सगळे चालू ठेवून प्रत्येक सांध्याला बोट लावून पाहिले. इन्व्हर्टरच्या बाजूची एक थिंबल कोमट लागली. ती घाईत पक्कडीने दाबलेली निघाली. त्यांनी ती कापून नवीन लावली आणि पुन्हा तपासली. ही एक थिंबल घाटात सापडली असती तर, असा विचार मनात आलाच.

त्या रात्री अम्मी स्वतःहून गाडीत जाऊन झोपल्या. मी मध्येच उठून पाहिले. पंखा चालू होता आणि त्या घोरत होत्या.

चिपळूण

मेच्या सुट्टीत निघालो. साताऱ्याच्या अलीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी कराडच्या बाजूने कुंभार्ली घाट. मुक्कामी इंजिन बंद, दोन खिडक्या बोटभर उघड्या. एसीसाठी इंजिन चालू ठेवून किंवा बंद गाडीत गॅस पेटवून कधीही झोपू नये. त्याच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दाराजवळ पावडरचा छोटा अग्निशामक होता आणि तो कसा वापरायचा ते मुलांनाही शिकवले होते.

घाट उतरल्यावर पोफळी लागते, कोयना प्रकल्पाचे वीजघर. मुलांना सांगितले, हा सगळा प्रकल्प १९६० मेगावॅटचा. मुलाने लगेच विचारले, "मग त्यावर इस्त्री चालेल?" गाडीत हशा पिकला. अम्मी सगळ्यांत जास्त हसल्या.

चिपळूणला पोचलो तेव्हा मीटर २८ टक्के दाखवत होता. फ्रीज ६ अंशांवर. अम्मींनी इन्सुलिन घेतले, हात धुतले आणि नातीला मांडीवर घेतले. नणंद म्हणाली, "अम्मी, दमला असाल." त्या म्हणाल्या, "रात्रभर झोपले होते गं."

आपल्या घरासाठी

प्रत्येकाकडे गाडी नसते. पण हा हिशेब गाडीपुरता नाही. घरातला इन्व्हर्टर, दुकानातली वाढीव वायर, हातगाडीवरचा बॅटरीचा दिवा, लग्नाच्या मांडवातली जोडणी, सगळीकडे तोच लागू पडतो. म्हणून थोडक्यात:

१. आधी वहीत लिहा: वस्तू, वॅट, तास. मग खोडा. बाजार नंतर.
२. बारा व्होल्टवर प्रवाह घरापेक्षा जवळजवळ वीसपट असतो. वायर त्याप्रमाणे जाड घ्या.
३. प्रत्येक वायरीला फ्यूज, बॅटरीच्या जवळ. फ्यूज उडाला तर कारण शोधा, मोठा फ्यूज किंवा तार लावू नका.
४. पिळलेला सांधा नको, थिंबल लावा. महिन्यातून एकदा सांधे तपासा.
५. निघण्याआधी एक रात्र अंगणात.
६. औषधाची एक सोय बिनविजेची ठेवा.
७. जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्या, पण हिशेब स्वतः समजून घ्या. वायरमन संध्याकाळी घरी जातो, गाडीत आपल्याला झोपायचे असते.

ती वही आता आमच्या शाळेत आहे. नववीच्या मुली घरातल्या वस्तूंचे वॅट लिहून आणतात आणि बेरीज करतात. परवा एकीने सांगितले, तिच्या अब्बांच्या दुकानात मागच्या भिंतीवरची वायर हाताला गरम लागते. मी तिला म्हटले, आज घरी जाऊन पहिले काम तेच सांग. दुसऱ्या दिवशी ती नवीन वायरीचा तुकडा दाखवायला घेऊन आली.